बोळ्यानं पाजलेलं दूध

जून २००५

प्रिय ताई,

बुधवारी तुझा फोन हृषिकेशने घेतला, त्यामुळे आपलं बोलणं झालं नाही. एका परीने बरंच झालं. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू रडतेस, मग दिनकरभावजी रिसीव्हर घेऊन माझी समजूत काढतात आणि ज्यावरून भांडण सुरू झालं ते तसंच राहतं. कागदावर मला कोणी मध्येच अडवणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी बातमी. माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, मी डॉक्टर झाले. कार्ल्सरूहेच्या आमच्या संस्थेत एक रीत आहे, पास झालेल्याला सगळे मिळून पुठ्ठ्याची टोपी करून घालतात आणि तिच्यावर त्याच्या आयुष्यातल्या वस्तू चिकटवतात. माझ्या टोपीवर एक बेअरिंग होतं, मसाल्याची पुडी होती आणि समोर माझ्या उर्जाचा फोटो. मी रडले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आता मे महिन्यातली गोष्ट सांगते. आमचं खेडं तुला फोटोतून माहीत आहेच. हृषिकेशचं ऑफिस तिकडे गेर्लिंगेनला, माझं इकडे, म्हणून मधलं हे स्वस्तातलं गाव. घरामागे लगेच गवताची कुरणं, त्यापलीकडे जंगल. एका रविवारी हृषिकेश फिरायला गेला आणि जॅकेटमध्ये काहीतरी गुंडाळून घेऊन आला. हरणाचं पिल्लू होतं, इथल्या लहान जातीचं. पाठीवर पांढरे ठिपके, आणि ताई, इतकं गप्प! ओरडत नव्हतं की हलत नव्हतं. गवतात एकटंच पडलं होतं, आईने टाकून दिलंय, असं तो म्हणाला. मग आपल्याकडे करतात तेच त्याने केलं. गाईचं दूध कोमट करून, पाणी घालून, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजत बसला. माझी जुनी शाल अंथरली. उर्जासाठी इतका वेळ तो कधी जमिनीवर बसल्याचं मला आठवत नाही, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी पिल्लाला हगवण लागली, म्हणून मी घरमालकिणीला, फ्राउ केसलरना बोलावलं. बाई सत्तरीच्या, सगळा जन्म या गावात गेलेला. त्यांनी पिल्लू पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चिडल्या नाहीत. फॉर्स्टरला, म्हणजे जंगलखात्याच्या माणसाला फोन केला आणि मग आम्हाला सांगितलं की आई पिल्लाला टाकत नाही, ठेवते. कोल्ह्यांना वास लागू नये म्हणून स्वतः लांब राहते, चरते आणि दिवसातून दोन-चारदा येऊन पाजून जाते. पिल्लू हलत नाही, कारण त्याला आईची वाट पाहायची असते. गवत कापायच्या आधी गावातले लोक कुरणातून चालून बघतात ते त्यासाठीच, आणि सापडलं तर हाताचा वास लागू नये म्हणून मुठीत गवत घेऊन धरतात आणि बाजूला ठेवतात, घरी नेत नाहीत. फॉर्स्टर येईपर्यंत पिल्लू गेलं होतं.

त्याच्यानंतर कितीतरी संध्याकाळी ती हरिणी कुरणात यायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एका ठरावीक जागी यायची, मान खाली घालायची, मग थोडं पुढे, पुन्हा तिथेच. हृषिकेशला मी खिडकीपाशी बोलावलं, तर म्हणाला, मी चांगल्या मनानेच आणलं होतं ना. आणलं होतं, ताई. त्याच्या मनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चांगल्या मनाच्या माणसांशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

तू म्हणशील, सुलेखा गोष्टी सांगून टोमणे मारते. हो, मारते. उर्जा आठ महिन्यांची असताना मी तिला सांगलीला आणलं, कारण या गावात पाळणाघर नव्हतं आणि माझी शिष्यवृत्ती थांबणार नव्हती. आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी हेच केलंय, कोणी आजीकडे, कोणी आत्याकडे. तू आपणहून म्हणालीस, दे माझ्याकडे, तू शिकून ये. तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तिचे गोवर-ताप तू काढलेस, तिचं पहिलं पाऊल तू पाहिलंस. पण ती तुला आई म्हणायला लागली तेव्हा तू तिला थांबवलं नाहीस. मला जर्मनीची मावशी म्हणायला तिला कोणीतरी शिकवलं, तीन वर्षांच्या पोरीला ते आपोआप सुचत नाही. आणि गणपतीत माझी मैत्रीण नीता तुमच्याकडे आली होती, तिला तू सांगितलंस की हिच्या आईला करिअर हवं होतं, पोरीला टाकून गेली. नीताने मला ते जसंच्या तसं सांगितलं.

बुधवारी तू हृषिकेशला जे विचारलंस, ते त्याने मला काल सांगितलं, जेवताना, वरण वाढून घेता घेता. पुढच्या महिन्यात दत्तकविधान, भटजी ठरलेत, तुमच्या पदरी मूल नाही आणि आम्हाला काय, अजून होईल. तो हो म्हणून बसलाय. म्हणाला, पोर तिथे सुखात आहे. मी ताट तसंच ठेवून उठले. ताई, माझ्या संमतीशिवाय उर्जा दत्तक जात नाही, हे कायद्याने आहे, आणि ती संमती मी देणार नाही. या पत्राच्या मागोमाग मी येतेय, तिला न्यायला. हे पत्र टपालात टाकल्यावर मग हृषिकेशला सांगेन. ती मला ओळखणार नाही, तुला बिलगेल, किंचाळेल, हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्यापाशी एकच मागणं आहे. त्या दिवशी घरातून निघून जाऊ नकोस, खोलीचं दार लावून रडत बसू नकोस. तिला तू स्वतः उचल आणि तुझ्या हातांनी माझ्याकडे दे. तुझ्या गळ्यातून तिचे हात मला सोडवायला लावू नकोस.

अजूनही तुझीच,
सुलेखा