तळमजल्याचा दवाखाना संस्थेला देताना

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. वरच्या मजल्यावरचं राहतं घर माझ्या एकुलत्या मुलाला.

२. तळमजल्यावरचा दवाखाना आमच्या संस्थेला. निवृत्तीनंतर मी, गणिताचे मास्तर आणि ऑडिटरसाहेब, अशा तिघा रिकामटेकड्यांनी ती काढली. अडलेल्या मुलांची फी भरायची आणि कमावता माणूस अंथरुणाला खिळलेल्या घरांत किराणा पोचवायचा, एवढंच काम. जिथे रुग्ण गाल धरून बसायचे, तिथे मुलं अभ्यासाला बसू लागली.

ही जागा मुलाला हवी होती. तो म्हणाला, "आई, तू निवृत्त झालीस तेव्हा वाटलं होतं, आता तरी आमच्या वाट्याला येशील." त्याने खुशाल रागवावं, कोर्टात मात्र जाऊ नये.

३. दातांची खुर्ची आणि अवजारं धर्मादाय दवाखान्याला. खुर्ची वर चढताना कण्हते; तेल घालावं.

४. संस्थेने मदत घेणाऱ्याचा फोटो कधीही काढू नये. ऑडिटरसाहेबांनी असे फोटो भिंतीवर लावले होते. एक आई किराण्याची पिशवी दारातच परत ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या लेकीच्या वर्गातल्या मुली इथे अभ्यासाला येतात हो." मी त्याच पावली सगळे फोटो उतरवले.

"देणगीदारांना पुरावा लागतो," साहेब म्हणाले.

"मग पावती द्या. माणसं कशाला देता?"

ते गेले, निम्मे देणगीदारही घेऊन गेले. तेव्हापासूनचा आमचा अबोला माझ्याबरोबर संपतो. त्यांना परत यायचं असेल तर यावं, कॅमेरा घरी ठेवून.

५. माझ्या बांगड्या सूनबाईला, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिच्याचकडे. तिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही आणि माझं कधी ऐकलंही नाही. या कामाला अशीच बाई हवी.

६. मास्तर वारल्यापासून हा गाडा मी एकटीच ओढते आहे. थकले. पुढे कुणी आलं नाही तर संस्थेला ओढूनताणून जिवंत ठेवू नये. माझ्या ठेवीतून, शिकत असलेल्या मुलांचं शिक्षण पुरं करावं आणि मग जागा मुलाकडे जावी.

७. शोकसभा नको. फी भरण्याच्या दिवसांत मी गेले, तर त्या दिवशीही संस्थेचं दार उघडावं. कुणी विचारलं तर सांगावं, बाई आज येणार नाहीत, तुमचं काम बोला.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर, रविवार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. (सही) शेजारीण, निवृत्त परिचारिका. आमच्या डोळ्यांदेखत सही केली.
२. (सही) फॅमिली डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. विश्रांती घ्या म्हणालो, तर म्हणाल्या, "तीच तर लिहून काढली."