जिवंत भावाचा दुखवटा

२ फेब्रुवारी
अखेर ब्रुजला पोचले! मास्तर लिव्हेनच्या चित्रशाळेत काम मिळालं, वर माळ्यावर खोलीही. रोज हेरिंग मासे आणि पातळ बियर, तरी मी खूश आहे. उत्तम शुक्रवारसाठी मोठं चित्र चाललंय: क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त आणि त्याच्यापाशी रडणारी त्याची आई मारिया. माझ्याकडे तिच्या झग्याच्या चुण्या. अश्रू मात्र बार्बेल रंगवते. इथला रिवाजच आहे, ज्याच्या घरात मरण झालंय त्यानंच अश्रूंना हात लावायचा. बार्बेल विधवा आहे.

११ फेब्रुवारी
धर्मगुरू आले आणि बार्बेलच्या एका थेंबापुढे ढसाढसा रडले. माझ्या चुण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. वर बार्बेल मला म्हणते, तुझं अजून कुणी गेलं नाही गं पोरी, देवाचे आभार मान. नुसता जळफळाट झाला माझा! नवरा मेला, ही काय कला झाली?

२० फेब्रुवारी
आज काळे कपडे घातले. भाऊ योरिस समुद्रात बुडाला, असं सांगून टाकलं. तो अँटवर्पला धडधाकट आहे, इथे कोण विचारायला जातंय? मास्तरांनी बार्बेलच्या हातातला बारीक कुंचला काढून मला दिला. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१ मार्च
माझा पहिला अश्रू उतरला. सगळे हातातली कामं टाकून बघायला आले. पण ख्रिस्ताचा चेहरा मास्तरांनी कधीच पुरा केलाय, वाळलाय. आज त्याच्या हनुवटीवर खळी दिसली. योरिसला आहे तशी.

६ मार्च
योरिस आला. फणफणून ताप. खोकला की तोंडातून पाणी येतं, खारट. माळ्यावर लपवलाय. कुणी पाहिलं तर कुंचला जाईल.

९ मार्च
दुसरा अश्रू. चित्रातल्या ख्रिस्ताचे ओठही आता योरिसचेच—

१० मार्च
बार्बेलनं त्याला पाहिलं. वाटलं, बोंब मारेल. तर माझे पाय धरले. रंग ओला आहे तोवर ते अश्रू पूस गं, म्हणाली. मी काळं घातलं तेव्हा माझाही नवरा जिवंत होता—
खोटारडी. तिला कुंचला परत हवाय.

११ मार्च
पुसलं तर तो वाचेल. पुसलं तर अश्रू पुन्हा तिचे—
मारियाचा डावा गाल रिकामा आहे. एकच थेंब उरलाय.
योरिस वरून हाका मारतोय. कुंचला उचललाय, हात कापत नाहीये माझा. बार्बेलचा तर नेहमी—