आधी तोंडाला काही लावायचं नाही

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. आजीने पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी झालंच असणार असं तुला वाटेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. गुडघा दुखतोय, पण तो जुनाच, नवीन काही नाही. झालंय ते एवढंच की तुझी आजी या वयात फेशियल करून घेणार आहे आणि तिचे पाय सध्या जमिनीवर नाहीत. तू तिकडून परस्पर पैसे भरून मोकळी झालीस, इकडे पार्लरवालीचा मला फोन. म्हणे, आजी, तुमच्या नातीने तुम्हाला फेशियल भेट दिलंय, कधी येताय? मी म्हटलं, बाई, चुकीचा नंबर लागलाय तुझा. ठेवला फोन. तिने परत केला, मी परत ठेवला. शेवटी बिचारीने तुझं टोपणनाव सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मात्र मी जिन्यात उभी राहून वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझ्या नातीने मला फेशियल दिलंय. खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, काय आजी, लग्नबिग्न ठरलं की काय तुमचं? मी म्हटलं, ठरलं तर दागिने तुझ्याकडूनच उसने नेईन, काळजी करू नकोस.

माझं लिहिणं कसं आहे ते तुला ठाऊकच आहे. दुसरीतच माझी शाळा सुटली. जोडाक्षरं शिकवली ती तुझ्या आईने. ती गृहपाठ करायची आणि मी शेजारी इस्त्री करत तिच्या वहीत डोकवायची. तेव्हा यात चुका सापडल्या तर त्या माझ्या नाहीत, माझ्या मास्तरणीच्या आहेत.

तर पार्लर. औषधाच्या दुकानावर आहे बघ, अरुंद जिना, वर काचेचं दार. मला वाटलं, गेलं, बसलं, तोंड पुसून घेतलं, आलं. तसं नसतं म्हणे. आधी एकदा नुसतं जाऊन चेहरा दाखवायचा, मग ती सांगते काय काय तयारी करायची. मी चांगली साबणाने तोंड घासून, पावडर लावून, केस चापून गेले होते. पार्लरवाली हसली. म्हणाली, आजी, पावडर कशाला लावलीत, मला तुमची कातडी बघायचीय. मी म्हटलं, अगं, पाहुण्यांकडे जाताना कोणी उघड्या तोंडाने जातं का? तरुण आहे पोरगी, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. हात गार, नखं कापलेली. ती खुर्ची तर अशी की बसलं की मागे जातेच आहे, जातेच आहे. मी दोन्ही हातांनी कडेला घट्ट धरून ठेवलं. दातांच्या डॉक्टरकडेही अशीच असते, पण तिथे निदान काय निघणार ते माहीत असतं.

तिने एक दिवा माझ्या तोंडावर आणला, भिंगाचा. आणि विचारलं, हा गाल त्या गालापेक्षा काळा कसा काय? मी म्हटलं, तो इस्त्रीकडचा. जन्मभर कोळशाची इस्त्री फिरवली, निखाऱ्यांची धग याच बाजूने. ती म्हणाली, आपण तुम्हाला आधी वाफ देऊ, म्हणजे कातडी मऊ पडेल. मला इतकं हसू आलं भिंगरी! म्हटलं, पोरी, ओल्या चादरींची वाफ खाऊन खाऊन मी म्हातारी झाले, तू मला आता पैसे घेऊन वाफ देणार? ती पण खुर्चीला धरून हसली. ऐकून घ्या म्हणाली, तुमच्या वाफेला वास साबणाचा, माझ्या वाफेला लिंबाचा.

मग तिने दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. एवढंच. कपाळावर हात ठेवला, गालावरून बोटं नेली, कानामागे दाबून बघितलं. आणि मला कसंतरीच झालं गं. म्हातारीच्या तोंडाला कोण हात लावतं? लहान मूल असलं की येणाराजाणारा गालाला हात लावतो. तू तर इतकी वैतागायचीस की गालाला हात लावला की दुसऱ्याच्या पोटात डोकं खुपसायचीस. माझं तोंड आता माझं मीच धुते, मीच पुसते. डॉक्टर येतो तो सुद्धा मनगट धरतो. मी डोळे मिटून घेतले, तिला वाटलं दिव्याचा त्रास होतोय, तिने दिवा बाजूला केला. चांगली पोर आहे.

तिने विचारलं, तोंडाला रोज काय लावता? मी म्हटलं, काही नाही, साबण. तिने नाक जवळ आणलं. म्हणाली, आजी, खोटं बोलताय, मला क्रीमचा वास येतोय, रात्री लावता ना? चोरी पकडली माझी. मी म्हटलं, हो, लावते जरासं. ती म्हणाली, मग आता फेशियल होईपर्यंत बंद. आधी तोंडाला काही लावायचं नाही. खरखरीत पंच्याने घासायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही, केस काढायचे नाहीत. मी म्हटलं, मिशा आहेत त्या राहू देत? तर म्हणे, राहू देत. कानातलं काढून यायचं, गळ्याशी सैल कपडा घालायचा. आणि तिने तिच्या औषधाचा एक थेंब माझ्या कानामागे लावला. उद्यापर्यंत तिथे खाज आली, लाल झालं तर सांगा, म्हणजे तुम्हाला ते सोसत नाही असं समजायचं. मी त्या थेंबाला इतकी जपले की रात्रभर मान वळवली नाही. सकाळी मान आखडली, कान मात्र चकचकीत. फोन करून सांगितलं, कान पास, मान नापास.

सगळं पाळलं मी. ऊन टाळायला दुधाची पिशवी सकाळी लवकर आणते, पंचा धुवून मऊ केला. एवढ्यावर मला झोप यायला हवी होती. पण ते क्रीम बंद केल्यापासून झोपच येत नाही बघ.

आता त्या क्रीमबद्दल लिहायचं म्हणून मी हे पत्र काढलं आणि इथवर येईपर्यंत किती दुपारी गेल्या! रोज कागद काढते, तुला पार्लरची गंमत सांगते आणि ठेवून देते. फोनवर सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. रागावू नकोस, पण मी तुझ्या आईचं नाव काढलं की तुझा आवाज तुटायला लागतो. आजी, ऐकू येत नाहीये, नंतर करते. नंतर एक खोकं येतं. आधी मिक्सर आला, मग पायाला चोळायचं यंत्र आलं, मग ती कापसासारखी रजई आली. चोळायच्या यंत्रावर शेजारीण दर बुधवारी पाय ठेवून बसते, तुला दुवा देते. वस्तू येतात सगळ्या, चांगल्या येतात. तू त्या दिवशी गेलीस ती गेलीस, मागे तुझी खोली मी झाडून ठेवते. टोमणा नाही मारत गं. कागद फोनसारखा मधेच कापता येत नाही, म्हणून कागदावर सांगतेय.

तुझी आई डेपोच्या तिकीट खिडकीत बसायची तेव्हा रोज रात्री तोंड धुवून ती निळ्या झाकणाची डबी उघडायची. पहिल्या बोटाने जरासं घ्यायची, कपाळावर एक, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक. मी चिडवायची तिला. म्हणायची, अगं, काचेआड बसतेस, लोक तिकिटाकडे बघतात, तुझ्या तोंडाकडे कोण बघतंय? ती म्हणायची, आई, ज्याची गाडी चुकली ना, तो तिकिटाकडे नाही बघत, माझ्याच तोंडाकडे बघतो. मग ते जरा बरं असलेलं काय वाईट? अशी होती. तुला आठवत असेल, लहानपणी तू मधे तोंड घालायचीस आणि तुझ्या नाकावर ती एक ठिपका लावायची. तोच वास. तू ओळखशील लगेच.

आई गेल्यावर तू त्या दिवशी जिन्यात उभी राहून म्हणालीस, सगळं देऊन टाक आजी, मला तिचं काही नको, काही दिसायला नको. मी दिलं. गणवेश डेपोतल्या तिच्या मैत्रिणीने नेले, चपला, छत्री, ती मोठी पर्स, सगळं गेलं. डबी तेवढी हॉस्पिटलच्या पिशवीत खाली राहिली होती, ती पुढे महिन्याने सापडली. ती कोणाला देणार? मी रोज रात्री त्यातलं बोटाच्या टोकाएवढं लावायला लागले. एका बाजूनेच घेते, कडेकडेने. त्या वासाने वाटायचं, ती आत्ता पलीकडच्या खाटेवर येऊन टेकेल आणि दिवसभरातल्या प्रवाशांच्या नकला करेल. मग डोळा लागायचा. पार्लरवालीला मी साबण म्हणून सांगितलं ते काय उगाच? कोणाला काय सांगायचं!

आता तुला दुसरी बाजू सांगते. तू आलीस तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. तुझी गाडी वाटेत अडकून पडली, त्यात तुझी काय चूक? आणि थांबायचं की नाही ते माझ्या हातात नव्हतं. तू मला एकच विचारलंस, तिचा चेहरा कसा होता? मी म्हटलं, शांत होता. सगळे तसंच म्हणतात म्हणून मीही म्हटलं. आणि तू मान हलवून खाली गेलीस.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन येऊन गेला होता, की निघालेय. ती जागीच होती. मला म्हणाली, आई, डबी दे. हातात बळ नव्हतं तिच्या, मी झाकण काढलं आणि म्हटलं, थांब, मी लावते. तर म्हणते कशी, नको, तू इस्त्री फिरवल्यासारखं लावतेस. आणि हसली, खरंच हसली. मग तिने तिचं ते पहिलं बोट, तिकीट खिडकीच्या ड्रॉवरमध्ये सापडून ज्याचं नख मधोमध दुभंगलं होतं ना, तेच, डबीत घातलं. खूप वेळ लागला तिला. कपाळावर एक, गालांवर एकेक, हनुवटीवर एक. म्हणाली, भिंगरी येतेय, कोरडं तोंड बघून घाबरेल. आणि केस नीट कर म्हणाली माझे. मग उशीला टेकून दाराकडे तोंड करून बसली. तसाच होता तिचा चेहरा भिंगरी, शेवटपर्यंत. शांतबिंत काही नाही. तुला भेटायला तयार झालेला होता.

त्या बोटाची खूण अजून आहे डबीत. ज्या बाजूला मी हात लावत नाही ती बाजू. बोट घातल्याची खोलगट वाट, आणि टोकाशी नखाची रेघ, मधोमध फुटलेली. फ्रिजच्या दारात ठेवली होती मी ती, अंड्यांच्या शेजारी, म्हणून इतके दिवस टिकली. पण गेल्या आठवड्यात फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणतो सुटा भाग यायचाय. मी डबी गार पाण्याच्या पातेल्यात ठेवते, पाणी बदलत राहते, पण ऊन तापलंय. वाटेच्या कडा बसायला लागल्यात. काल नखाची रेघ मला चष्मा लावून शोधावी लागली. फोटोत ती येत नाही, शेजारणीने काढून बघितला, नुसतं पांढरं दिसतं. म्हणून हे लिहिलं गं. पार्लरवालीला मी सांगून आलेय की माझी वेळ पुढच्या रविवारची ठेव, आणि माझ्या मागची एक रिकामी ठेव, नात असेल बरोबर. फ्रिज तू पाठवशील, मला माहीत आहे. तो नको पाठवूस. तू ये. ती खूण दिसते आहे तोवर तुझं बोट त्यात ठेव, तुझ्या नाकाला ठिपका लाव, नाही तर नुसता वास घे, तुला हवं ते कर. तोवर मी माझ्या तोंडाला काही लावत नाही.

तुझीच,
सध्या कोरड्या तोंडाची
आजी