सकवारबाईंच्या खालची फरशी

चामराजपेट, बेंगळुरू
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप भगवंतमामांना श्रीहर्षचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गेला पंधरवडा मी गाडीखाली इतका साष्टांग पडून आहे की आता कुणाच्या पायाशी वाकलो तर वर उचलायला शेजारी बोलवावे लागतील. तेव्हा उभ्यानं केलेलाच गोड मानून घ्यावा.

तुमचा गुडघा कसा आहे? धारवाडला पहाटे गारवा सुरू झाला असेल. मामी फोनवर म्हणाल्या, "आमचा बंब ठणठणीत आहे बाबा. एवढ्या वर्षांत तोटीतून टिपूस गळला नाही. ह्यांच्या नाकापेक्षा बरा." ऐकून समाधान वाटलं (बंबाबद्दल). इकडे संपदा बरी आहे. माझ्याशी ती खंडेनवमीपासून कमी बोलते, त्यामुळे घरात एक प्रकारची शांतता आहे.

वेणूनं पाठवलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला असणारच. वेणुगोपाल तुमचा सख्खा पुतण्या आणि माझा लाडका मामेभाऊ आहे, पण या प्रकरणात तो फिर्यादी आहे हे विसरू नये. तुमची अट मला पाठ आहे: खंडेनवमीला तुमच्या जुन्या गाडीनं, म्हणजे सकवारबाईंनी, स्वतःच्या दमावर बनशंकरीच्या देवळापर्यंत जाऊन यावं, आणि परत आल्यावर खालची फरशी कोरडी असावी. असली तर गाडी माझ्याकडे राहील, नसली तर वेणूकडे. वेणू तिचं काय करणार आहे तेही त्यानं मला नकाशा काढून दाखवलं आहे. इंजिन काढून टाकायचं, व्हाइटफील्डच्या त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसबाहेर तिला उभं करायचं, आणि बॉनेटमध्ये मनीप्लांट लावायचा. वाढदिवसाला आलेली मुलं टपावर बसून फोटो काढतील म्हणे. तुमच्या आजीचं नाव तुम्ही त्या गाडीला दिलंत, कारण दोघींनाही सकाळी जागं करायला गरम पाणी आणि आर्जवं लागायची. त्या आजींच्या पोटात कुणी मनीप्लांट लावला असता का, एवढंच विचारतो. शिवाय मागच्या सीटच्या फटीत मला अजून मटाराची वाळकी सालं सापडतात. आई सहलीला जातानाही भाजी निवडायची हे तुम्हाला आठवत असेल. ती सालं मी काढत नाही. (स्वच्छतेच्या दृष्टीनं हे योग्य आहे का, यावर माझ्या डायरीत दोन पानं आहेत. निकाल लागलेला नाही.)

तर मूळ दुखणं. रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडून द्यायची एक पितळी तोटी असते, ती गळत होती. फार नाही, रुसलेल्या माणसासारखी, थांबून थांबून. मी पक्कड घेऊन ती घट्ट पिळली. पूर्वी थेंब पडत होता, आता धार लागली. यावरून मी असा धडा घेतला की आणखी पिळू नये; पण तो धडा मी आणखी एकदा पिळल्यावर घेतला.

मग मानसिंगला बोलावलं. मानसिंगचं गॅरेज आमच्या मागच्या गल्लीत आहे. माणूस आपलीच भाषा बोलतो, पण तिच्यात प्रत्येक वाक्याला कन्नडचा हात लागलेला असतो. त्यानं गाडीकडे खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, "स्वल्प अंडं घाला सार. पांढरं रेडिएटरमध्ये. गरम पाण्यात शिजतं, भोकात जाऊन बसतं, काम सरी."

"आणि पिवळं?" मी विचारलं.

"ते मी खातो."

मामा, माझ्यापुढे खरा धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहिला. घरात अंडं येत नाही, हे एक. पण ही गाडी देवीच्या दर्शनाला जाणार होती. पोटात अंडं घेऊन सकवारबाईंनी देवळासमोर उभं राहावं का? आणि गाडीला शाकाहाराचा नियम लावायचा, तर पेट्रोलचं काय? ते कधीकाळी मेलेल्या जिवांचंच झालेलं असतं. मी दोन संध्याकाळी वाचन केलं. ते मुख्यतः समुद्रातल्या शेवाळापासून होतं असं दिसतं, म्हणजे तूर्त निर्दोष. (त्यात बारीक किडेही होते, पण त्यांच्याबद्दल मी पुढे वाचलं नाही.) संपदा म्हणाली, "आता मठात पत्र लिहून विचारू नका म्हणजे झालं." पत्राचा मसुदा तयार होता हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटी तोड तिनंच काढली: हळद. "जखमेवर चालते, दुधात चालते, गाडीत न चालायला काय झालं?" मानसिंगनंही मान डोलावली. हळदीची पूड भोकात जाऊन बसते, जुने ड्रायव्हर घालतात, म्हणाला. पण त्यात खायला काही उरत नसल्यामुळे त्याचा उत्साह कमी झालेला दिसला.

इथे मी शिकलेला माणूस असल्याचा तोटा झाला. अडाणी माणसानं नुसती हळद घातली असती. मी आधी रेडिएटरमधला गंज आणि क्षार काढावेत म्हणून धुण्याचा सोडा घालून इंजिन चालवलं. ते पाणी सोडून दिल्यावर दोनदा खळबळून धुवायला हवं होतं, पण त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही, आणि टँकरचं पाणी मी गाडीला घालतोय असं संपदाला दिसलं असतं तर मनीप्लांटच्या शेजारी मलाही लावायची वेळ आली असती. म्हणून थोड्या पाण्यात भागवलं आणि वर हळद घातली. सोडा हळदीला लागला की काय होतं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. आठवलं नाही.

खंडेनवमीला वेणू सकाळीच तुमच्या वतीनं साक्षीदार म्हणून आला, मोबाइल हातात, चेहरा न्यायाधीशाचा. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सकवारबाई पहिल्याच हाकेला जाग्या झाल्या. फरशी कोरडी होती. वेणूचा चेहरा पाहून मला जो आनंद झाला तो सणाच्या दिवशी शोभणारा नव्हता, हे मान्य करतो. वाटेत बसवाल्यांनी हॉर्न वाजवून मान दिला (किंवा बाजूला व्हायला सांगितलं). बनशंकरीला पोहोचलो, देवळासमोर गाडी उभी केली, आणि इंजिन तापल्यामुळे तोटीनं आपला जुना स्वभाव दाखवला. खाली थेंब पडू लागले. लालभडक.

वेणू म्हणाला, "श्री, ही रक्त ओकतेय." आणि चित्रीकरण सुरू केलं. तुमच्याकडे आलेला व्हिडिओ इथे संपतो. पुढचं त्यानं पाठवलेलं नाही, म्हणून ते सांगणं भाग आहे.

फूल विकणारी एक अक्का पुढे आली, वाकून पाहिलं आणि ओरडली की गाडीनं स्वतःच ओकुळी केली. (तुम्ही धारवाडकर, तुम्हाला सांगायला नको; पण वेणूला सांगा की दृष्ट काढायला हळदीचं लाल पाणी लागतं, त्याला रक्त म्हणत नाहीत.) आयुधपूजेचा दिवस, ज्याच्या त्याच्याकडे नवं वाहन, आणि ओकुळी फुकट. एका रिक्षावाल्यानं पुढचं चाक त्या थारोळ्यातून नेलं. मग स्कूटरी आल्या. मग रांग लागली. एक जण लहान बाटली घेऊन आला. मला राहवेना. मी रांगेपुढे उभा राहून माझ्या कन्नडमध्ये स्पष्ट सांगितलं की यात दैवी काही नाही, ही नुसती हळद आणि सोडा आहे. रिक्षावाल्यानं शांतपणे विचारलं, "ओकुळी आणखी कशाची असते सार?"

मी बाजूला झालो. सकवारबाईंचं पाणी संपत आलं तेव्हा अक्कानं स्वतःच्या घागरीतलं घातलं, आणि आम्ही स्वतःच्या दमावर घरी आलो. वेणू ऑफिसच्या कॅबनं गेला. जाताना अंगाराही घेतला नाही.

आता अटीचं. घरी आल्यावर फरशी लाल झाली हे मी लपवत नाही. पण आज, हे पत्र लिहिताना, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलेलं आहे आणि अग्रलेखसुद्धा कोरडा आहे. याचा योग्य तो विचार करून निकाल द्यावा. मामींना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमचा, अटीखेरीज सगळ्या बाबतींत आज्ञाधारक भाचा,
श्रीहर्ष

ता. क. अग्रलेख कोरडा असण्याचं एक कारण असं की रेडिएटरमध्ये सध्या पाणी नाही. ते वर लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, दोनदा लिहून खोडलं.

ता. क. २. पाणी नाही, कारण तोटी घासून नीट बसवावी म्हणून काल मी ती काढली. ती सहज निघाली नाही. आटे जुळतच नव्हते. कुणीतरी सुतळी गुंडाळून, वर रंग फासून ती दडपून बसवलेली होती. धुतल्यावर दांडीवर अक्षरं दिसली. मामा, गाडी विलायतेत बनलेली आहे. तोटीवर देवनागरीत 'गरम' असं लिहिलेलं आहे.

मी मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आमच्या बंबाच्या तोटीवर इंग्रजी अक्षरं आहेत खरी. ह्यांनीच बसवली. मला सांगितलं, तुझ्यासाठी विलायतेहून मागवली." मग त्यांनी विचारलं, "पान्हा केवढा लागेल?"

तुमच्या लेकीच्या, रम्याच्या, हाती हे पत्र पाठवतोय. अट गाडी गळण्याची होती. गाडीची तोटी धारवाडला आहे, एवढ्या वर्षांत टिपूस गळलेली नाही, आणि साक्षीदार तुमच्या घरात आहे. निकाल तुम्हीच लिहा, मी डायरीत चिकटवीन.

ता. क. ३. तुम्ही हे वाचेपर्यंत रम्या आणि मामी पान्हा घेऊन न्हाणीघरात शिरलेल्या असतील. ठोकाठोकी ऐकू येईल. उठू नका, गुडघा जपा. बंबाची तोटी रम्याजवळ दिली आहे, 'गरम' वरच्या बाजूला येईल अशी बसवावी. गळली तर पिळू नका. चिमूटभर हळद घाला.