शेऱ्याचा रकाना

१० फेब्रु., सोम.
आजपासून नलावडे मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. साहेबांचा हुकूम. कुणाची लिफ्ट बंद पडली की फोन आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात येतो, आणि तो गेली एकवीस वर्षं मॅडमच उचलतात. एप्रिलपासून तक्रार ॲपवर. मेकॅनिक कोण जाणार तेही ॲपच ठरवणार. मॅडमच्या वह्यांमधलं सगळं मी सिस्टीममध्ये भरायचं. माझ्या प्रमोशनचं बोलणं झालंय.
मॅडम म्हणाल्या, "ये रे निलेश. ठाण्यापासून सुरू करू की कल्याणपासून?" त्यांना वाटतंय, सिस्टीम त्यांच्या मदतीला येतेय. मी म्हटलं, ठाण्यापासून.

१३ फेब्रु., गुरु.
सात जाडजूड वह्या. एका बिल्डिंगला एक पान. पत्ता, किती लिफ्ट, शेवटची दुरुस्ती, आणि कडेला शेरा. शेरे वाचून हसायला येतं. "सेक्रेटरींना कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलणे." "बी विंगच्या आजी एकट्या असतात, आधी बहिणीला कळवणे."
दुपारी दिवा स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगमधून फोन. शाळेतली मुलगी एकटी अडकलेली, नुसती रडत होती. मॅडमनी एका फोनवर मेकॅनिक धाडला, दुसरा कानाला. "कितवीत गं तू? सहावीत? मग सतराचा पाढा येत असेल. म्हण बघू." पोरगी म्हणायला लागली. एकोणिसाच्या पाढ्यात दार उघडलं.
हे कुठल्या रकान्यात भरू?

२६ फेब्रु., बुध.
फाईल चढतच नव्हती. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. "रिमार्क्स में बहुत कचरा है सर. वो कॉलम निकाल दो." शुक्रवारची मुदत. साहेब दोनदा डोकावून गेलेले.
आख्खा शेऱ्याचा रकाना सिलेक्ट केला, डिलीट. कॉपीही ठेवली नाही. फाईल लगेच चढली.
डबा खाताना मॅडमनी विचारलं, "शेरे गेले ना रे नीट?"
मी म्हटलं, हो.
का म्हटलं? "नाही गेले" म्हणालो असतो तर काय झालं असतं? त्या साहेबांकडे गेल्या असत्या, माझं काम आठवडाभर लांबलं असतं. एवढंच.

२८ मार्च, शुक्र.
मॅडमचा शेवटचा दिवस. कामावरून कमी केल्याचं पत्र आठ दिवसांपूर्वी हातात पडलेलं. मला फेब्रुवारीतच माहीत होतं. केक, शाल, फोटो. फोटोत मी त्यांच्या शेजारी.
साहेब म्हणाले, वह्यांत लोकांचे नंबर आहेत, मशीनमध्ये घालून तुकडे कर. मॅडम समोरच पर्स आवरत होत्या. म्हणाल्या, "घाल रे. तू सगळं चढवलंयस, मला घोर नाही."
सातही वह्या मी माझ्या हाताने घातल्या.

१० एप्रिल, गुरु.
संध्याकाळी सहाला कल्याणच्या एका सोसायटीत पेंडसे काका लिफ्टमध्ये अडकले. वय चौऱ्याहत्तर, दमा. ॲपने नकाशावर जवळ दिसणारा मेकॅनिक निवडला. तो शीळफाट्याला. त्या वेळी तिथून गाडी हलत नाही हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ॲपला नाही. तो पोचला तर लिफ्टच्या मशीन रूमला कुलूप. वॉचमन नवा, त्याला काही माहीत नाही. शेवटी कुलूप तोडलं.
काका सव्वा तास आत. बेशुद्ध निघाले. हॉस्पिटलमध्ये आहेत.
ते पान मला आठवतंय. मीच टाइप केलेलं. "मशीन रूमची चावी समोरच्या पिठाच्या गिरणीत असते. वॉचमन टिकत नाहीत. काकांना दमा, घाई करणे."


११ एप्रिल, शुक्र.
मीटिंग. साहेब म्हणाले, "नलावडेंनी माहिती अर्धवट दिली. जाता जाता राग काढला असणार. तू तसं लिहून दे, म्हणजे विषय संपला."
मी "बघतो सर" म्हणालो. 'नाही' म्हणालो नाही. सगळे माना हलवत होते, मीपण हलवली की काय कुणास ठाऊक.

१५ एप्रिल, मंगळ.
कल्याणला जाऊन आलो. काका काल घरी आले. लिफ्टमध्ये पाय टाकेनात म्हणून खुर्चीत बसवून सहा मजले उचलून आणलं. सून म्हणाली, "आता खाली जायचंच नाही म्हणतात. रोज बागेत जायचे हो."
काका पलंगावर, हळू बोलत होते. "त्या बाई कुठे गेल्या तुमच्या? मी फोन लावला तर म्हणे एक दाबा, दोन दाबा. अंधारात चष्मा पडलेला माझा."
मी कंपनीचा माणूस, एवढीच ओळख दिलेली. सुनेने चहा दिला. तो प्यायलो.

१७ एप्रिल, गुरु.
साहेबांना मेल केला. चार ओळी. नलावडे मॅडमनी सगळी माहिती दिली होती. शेऱ्याचा रकाना मी काढला. त्यांना खोटं सांगितलं. त्यांचा दोष नाही.
पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलेलं. नाही वाटलं.

१८ एप्रिल, शुक्र.
साहेब ओरडले नाहीत. त्याचीच भीती वाटली. "ठीक आहे. त्यांना तीन महिने बोलाव. सगळे शेरे पुन्हा भरून घे. या वेळी सॉफ्टवेअरवाले सिस्टीममध्ये जागा करून देतायत."
"आणि नंतर सर?"
"नंतर काय? नंतर सिस्टीम आहे ना."

१९ एप्रिल, शनि.
डोंबिवलीला मॅडमच्या घरी. दारातच सगळं सांगून टाकलं, नाहीतर आत बसल्यावर जमलं नसतं.
मॅडम ऐकत राहिल्या. मग एवढंच, "मी विचारलेलं तुला. हो म्हणालास."
"हो."
"काका कसे आहेत?"
सांगितलं. मग साहेबांचा निरोप दिला. तीन महिने.
"म्हणजे परत तुझ्या शेजारी बसून सांगायचं. आणि मग परत केक कापायचा."
मी म्हटलं, "नाही आलात तरी चालेल मॅडम." मग वाटलं, असं कसं म्हणालो? चारशे बिल्डिंगी आहेत. पुढच्या वेळी कोण अडकेल?
"चालेल कसं?" त्या म्हणाल्या. "मला विचार करू दे."
निघताना त्यांनी माझ्याकडून काकांचा नंबर मागून घेतला. मी जिना उतरायला लागलो तर मागून आवाज. "पेंडसे काका, मी नलावडे बोलतेय. ओळखलंत?"
पुढे बराच वेळ त्या नुसत्या "हं, हं" करत होत्या. मी मधल्या पायरीवर थांबलो. वर जावं की खाली, कळेना.
सोमवारी साहेब विचारतील, येणार का त्या.