जनवाड्याचा पोपट

नौबाद, बिदर
२ मे १९८४

चि. विरुपाक्ष यास अक्काचा आशीर्वाद. रीत हाय म्हणून लिहिला, मनातून न्हाई. लोकाच्या घरचा चहा प्यायचा, पोरगी बघायची आणि मागून व्हय न्हाई काहीच कळवायचं न्हाई, हे तुला कुणी शिकवलं? विसाच्या वर वर्षं झाली, आणि त्याचं आता माझ्या शोभाला भोगावं लागायलंय. (तुझा गुडघा कसा हाय? नागम्माला म्हणावं, तेल कोमट करून चोळ.)

मला जुने चहाचे रुमाल जमवायचा नाद हाय, हे तुला ठावं हाय. पोरगी बघायला पाव्हणे आले की तिनं हातानं भरलेला रुमाल ट्रेवर झाकून चहा आणायचा, ते रुमाल. लग्न झालं की त्यात कुणी भाकरी बांधतं, कुणी त्यानं कंदिलाची काच पुसतं. मी नवं फडकं देऊन ते मागून आणते, रिठ्यात धुते, सावलीत वाळवते. औरादच्या एकावर कमळ हाय, त्याला एका बाजूला पाकळीच न्हाई. आईनं मधीच हाक मारली आसंल पोरीला. असलं बघत बसलं की माझा चहा निवतो. दाजी म्हणतात, घरात पुसायला चिंधी न्हाई आणि हिची ट्रंक भरलीय. म्हणू दे.

तर रविवारी शोभाला बघायला आले. पोरगा सोमशेखर, इथं जवळच कोळारला कारखान्यात हाय, आईसंगं तिथंच ऱ्हातो. आपल्या शोभाला सुईत दोरा ओवता येत न्हाई, म्हणून मी ट्रंकेतला सगळ्यात देखणा, पोपटाचा रुमाल ट्रेवर घातला. पोराच्या आईनं पोरीकडं बघितलंच न्हाई, रुमालाकडंच बघायली.

"हे तूच भरलीस का?" शोभा भिऊन व्हय म्हणाली.

"मग शेपूट वांगी रंगाचं कामून?"

शोभा माझ्याकडं बघायली. मी म्हणाले, पोपट आजारी हाय.

"आजारी न्हाई," बाई म्हणाली, "हिरवा दोरा सरला होता. दुसऱ्या दिवशी विरुपाक्ष नावाचा पोरगा मला बघायला येणार होता."

ती जनवाड्याची लिंगम्मा रे. त्यांच्या घरची रीत होती, घरातल्या बायकांसाठी त्याच रुमालात लाडू बांधून द्यायचे, आणि होकार असो नकार असो, उत्तरासंगं रुमाल परत यायचा. लाडू आपण खाल्ले. आप्पांनी तुला इचारलं, तू बघू म्हणालास, आणि नोकरी लागली म्हणून गुलबर्ग्याला निघून गेलास. रुमाल माझ्याकडं ऱ्हायला.

बाई भांडली असती तर मीबी भांडले असते. ती नुसती पोपटावरून हात फिरवायली. म्हणाली, "न्हाई म्हणाला असता तर एकदाच रडून मोकळी झाले असते. माझा बाप दिवाळीपर्यंत टपालवाल्याला बसवून ताक देत होता." दाजी छताकडं बघायले. मग उठताना लिंगम्मा म्हणाली, पोरगी आम्हाला आवडली, पण आमचं उत्तर विरुपाक्षाचं उत्तर आल्यावर.

शोभा नीट जेवायली न्हाई. पोरगा आवडला असं तोंडानं म्हणत न्हाई, पण त्याचा कप अजून मला विसळू देईना. तेव्हा लिंगम्माला एक पत्र लिही. व्हय न्हाई आता सोड, दोघांचेबी संसार झाले. कामून कळवलं न्हाई तेवढं लिही, आणि खरं लिही.

तुझी अक्का,
कोंडाबाई

ता.क. रंग, उंची असलं काही लिहायचं न्हाई. आणि नागम्माला वाचून दाखवूनच पाठव, न्हाईतर तिला मला येगळं पत्र लिहावं लागंल.

ता.क. दाजींनी हे वाचलं आणि म्हणाले, उरलेलं बी लिही. लिहिते. लिंगम्मा जाताना उंबऱ्यात म्हणाली होती, त्याला लिहायला जमत न्हाई तर नुसता रुमाल धुऊन पाठवा, मी समजून घेईन. तवापासून सगळं घर माझ्या मागं लागलंय, देऊन टाक म्हणून. कसा देऊ? तसलं शेपूट बिदर जिल्ह्यात दुसरं न्हाई. म्हणून तूच लिही, आणि खाली एक ओळ घाल, की रुमाल अक्काजवळ ऱ्हाऊ द्यावा. तुझं ऐकंल ती. शोभा म्हणायलीय, मंगळवारी मीच कोळारला नेऊन देते. पोरगी कमी बोलते, पण बोलली की करते. सोमवारच्या टपालात तुझं उत्तर पाहिजे.