तळ्याकाठची कागदोपत्री परित्यक्ता

शॉमबर्ग, अमेरिका,
ऑक्टोबर १९८६

ती. दादास,

वसूचा वाकून नमस्कार (या वयात आणि इथल्या थंडीत वाकलं की उठायला वेळ लागतो, तेव्हा हा जरा पुरवून घे). तुझा गुडघा आणि वहिनींचा संताप, दोन्ही उतारावर असतील अशी आशा.

मी नवऱ्याला सोडल्याची बातमी नागपुरात पोचल्याचं कळलं. सोडलेलं नाही. झालं असं की आम्ही इथून दोन तासांवर तळ्याकाठी सुट्टीपुरतं एक कॉटेज घेतलं. इथे माणूस कायम राहतो त्या एकाच घराच्या टॅक्समध्ये सूट मिळते, सुट्टीच्या घराला नाही. हा नियम सगळ्यांना कळतो. पण तुझे मेव्हणे पडले इंजिनिअर, त्यांना त्यात फट दिसली. शॉमबर्गचं घर ह्यांच्या नावावर, कॉटेज माझ्या. मग हे कायम शॉमबर्गला राहतात आणि मी तळ्याकाठी, असं लिहून देऊन मोकळे! (जिच्याशिवाय ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तिला एका सहीत घराबाहेर काढलं. सही माझीच.) कुणी पडताळायला आलं तर, म्हणून मला दोन आठवडे तिकडे नेऊन ठेवलं. लगेच इथल्या मराठी मंडळातल्या कांचनचा फोन: “वसुधा, आम्ही सगळ्या तुझ्याच बाजूने आहोत हं!” तिकडे मंडळातल्याच शरयूमावशी ह्यांना डबे पोचवू लागल्या.

आणि नेमकं तेव्हाच आपल्या दीपाचं जमत आलेलं. मुलगा विक्रम, इथल्या दक्षिणेकडच्या अल्फारेटा गावचा, तिनेच निवडलेला. पण त्याच्या आईच्या, सुमेधाबाईंच्या, कानावर गेलं की मुलीचे आईवडील वेगळे राहतात. त्या म्हणाल्या, आधी डोळ्यांनी पाहीन, मग बोलू. ह्यांनी त्यांना ऐटीत कॉटेजवरच बोलावलं. पोह्यांच्या बशा हाती आल्या आणि दारात टॅक्स ऑफिसची बाई उभी!

तिने विचारलं, नवरा इथेच राहतो का? हे तत्परतेने इंग्रजीत म्हणाले, “छे, ती एकटीच असते, मी फक्त भेटायला येतो.” आणि वळून सुमेधाबाईंना मराठीत, “आम्ही एक दिवस वेगळे राहिलेलो नाही हो!” (सुमेधाबाई कित्येक वर्षं इथे डॉक्टरकी करतात. त्यांना इंग्रजी येत असेल ही शक्यता ह्यांनी धरली नव्हती.) सुमेधाबाईंनी बशी खाली ठेवली. दीपा रडवेली. “मॉम, प्लीज, जस्ट टेल हर!”

मग मीच सांगितलं, की मी राहते शॉमबर्गला, ह्याच माणसाबरोबर, आणि त्याबद्दल काही सूट असेल तर ती मला वेगळी द्या. टॅक्सवाली हसली, आणि कॉटेजची सूट खोडून गेली. सुमेधाबाईंनी बशी उचलली आणि लिंबू मागितलं. लग्न मे महिन्यात आहे. हे अजून त्या गेलेल्या सवलतीचं सुतक पाळताहेत.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, जावई आहे तोच आहे.

तुझी (विवाहित) वसू

ता. क. ह्यांना सवडीने एक पत्र टाक, की वसूच्या तब्येतीला तळ्याकाठची हवा मानवते, तिला दरवर्षी दोन आठवडे तिकडे एकटीला राहू द्यावं. मी सुचवलं असं मात्र लिहू नकोस. दादा, इतकी गाढ झोप मला लग्नानंतर लागली नव्हती रे.

आणखी ता. क. त्या पत्राच्या दोन प्रती काढ. दुसरी, बायकोचं नाव बदलून, विक्रमच्या वडिलांना. निघताना सुमेधाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या कॉटेजात दुसरी खाट बसेल का?